तेल मुरलेली माती आणि तिच्यातले जिवाणू : वाचकांचे प्रश्न

डिझेल, जुनं ऑइल, कीटकनाशकं, कारखान्यातले द्रावक यांनी बिघडलेली माती जिवाणूंकडून साफ करून घेता येते का, आणि येत असेल तर कशी, अशा आशयाची बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या मजकुराची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : पंपाच्या डिझेल इंजिनाशेजारची साधारण १० चौरस मीटर जागा काळी पडली आहे. ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीत किलोमागे ५,००० मिलिग्रॅम तेल निघालं. तेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर मिळते म्हणे. ती टाकून काम होईल का? किती टाकावी?

उत्तर : पावडरीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. जिथे वर्षानुवर्षं डिझेल सांडतंय तिथे डिझेलवर जगणारे जिवाणू आधीच तळ ठोकून असतात. स्युडोमोनास, ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर ही त्यांतली नेहमीची नावं. स्वच्छ मातीतही ते थोड्या प्रमाणात असतातच. तेल पडलं की काही आठवड्यांत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. तरीही तेल तसंच राहतं, कारण त्यांचं अडतं ते हवेवाचून, ओलीवाचून आणि नत्र-स्फुरदावाचून. डिझेलमध्ये कर्ब भरपूर असतो, नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतात. जिवाणूला स्वतःचं शरीर बांधायला तिन्ही लागतात.

तुमच्या जागेचा हिशोब असा. १० चौरस मीटर गुणिले ०.३ मीटर म्हणजे ३ घनमीटर माती. घनमीटरला दीड टन धरला तर ४.५ टन. किलोमागे ५,००० मिलिग्रॅम म्हणजे एकूण २२.५ किलो तेल, आणि त्यातला सुमारे ८५ टक्के म्हणजे १९ किलो कर्ब. कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचं १००:१०:१ हे प्रमाण सर्रास वापरलं जातं. त्या हिशोबाने १.९ किलो नत्र आणि ०.१९ किलो स्फुरद लागेल. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे युरिया ४ किलोच्या थोडा वर. सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीवर लिहिलेलं १६ टक्के हे स्फुरदाच्या ऑक्साइडचं प्रमाण असतं. प्रत्यक्ष स्फुरद धरला तर तो ७ टक्केच भरतो, म्हणून सुपर फॉस्फेट लागेल २.७ किलो. माती परीक्षणात उपलब्ध नत्र-स्फुरद चांगला निघाला असेल तर तेवढा वजा करा. १००:१०:१ ही वरची मर्यादा समजा. निम्म्या नत्रावरही बऱ्याच जागा व्यवस्थित चालतात.

आता नेहमी होणारी चूक. हा सगळा युरिया एकदम टाकला जातो. मातीत १५ टक्के ओल असेल तर ४.५ टनांत ६७५ लिटर पाणी असतं. त्यात १.९ किलो नत्र विरघळलं तर लिटरमागे २.८ ग्रॅम होतं. माती सुकून ओल ८ टक्क्यांवर आली की तेच ५ ग्रॅमच्या पुढे जातं. इतक्या खारट पाण्यात जिवाणूंच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि काम थंडावतं. वर युरियाचं अमोनिया होऊन सामू (पीएच) चढतो, तो वेगळाच. मातीतल्या पाण्यात लिटरमागे नत्र २ ग्रॅमच्या आत ठेवलेलं बरं. म्हणून युरिया १-१ किलोच्या चार हप्त्यांत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्या. सुपर फॉस्फेट पहिल्याच हप्त्याबरोबर मातीत मिसळून टाका, कारण तो जागचा हलत नाही.

क्रम असा ठेवा. वर साचलेलं मोकळं तेल आधी भुशाने किंवा कापडाने टिपून उचला. ते मातीत मिसळू नका. गळती बंद करा (हे सांगावं लागू नये, पण लागतं). जागेभोवती वीतभर उंचीचा बांध घाला, म्हणजे पावसाचं पाणी तेल घेऊन शेजारी जाणार नाही. माती ३० सेंटिमीटरपर्यंत उकरून ढेकळं फोडा. माती चिकण असेल तर भाताचं तूस किंवा लाकडाचा भरड चुरा आकारमानाने १० ते २० टक्के मिसळा, म्हणजे हवेला वाट मिळेल. ताजा गव्हाचा भुसा किंवा हिरवा पाला घालू नका. तो लवकर कुजतो आणि कुजताना तुमच्या युरियातलं नत्र स्वतःकडे ओढून घेतो. मग खत, मग पाणी. त्यानंतर दर आठवड्या-दीड आठवड्याने खणून पलटणं, आणि तेही वाफशावर. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी निथळू नये, आणि बोटाने टोचल्यावर गोळा फुटावा. ओल्या गाऱ्यात खणलं तर विटेसारखी ढेकळं बनतात आणि आतलं तेल हवेपासून कायमचं तुटतं.

सामू ६ ते ८ आणि तापमान २० ते ३५ अंश असेल तर अशा मातीतलं डिझेल काही महिन्यांत बरंच उतरतं. जुनं इंजिन ऑइल मिसळलेलं असेल तर वर्ष-दोन वर्षांची तयारी ठेवा. थंडीत वेग पडतो. तापमान १० अंशांनी उतरलं की काम साधारण निम्म्यावर येतं. माती ३० सेंटिमीटरच्या खालीही काळी लागत असेल, किंवा विहीर जवळ असेल, तर हे काम कुदळीचं राहत नाही. भूजलाची तपासणी आधी व्हायला हवी.

राहिला पावडरीचा प्रश्न. प्रयोगशाळेत सकस खाद्यावर वाढवलेले जिवाणू उघड्या मातीत पडले की मातीतले आदिजीव (जिवाणू खाणारे एकपेशी जीव) त्यांना फस्त करतात. उरलेल्यांना स्थानिक जिवाणूंपुढे जागा मिळत नाही. अनेकदा पावडरीबरोबर आलेला कोंडा आणि खतच काय ते काम करतं, आणि श्रेय पावडरीला जातं.

प्रश्न : जिवाणू तेल ‘खातात’ म्हणजे नेमकं काय करतात? तेल तर पाण्यात विरघळतही नाही.

उत्तर : विरघळत नाही, हीच त्यांची पहिली अडचण. जिवाणूची लांबी एक-दोन मायक्रोमीटर. तेलाचा थेंब त्याच्या शेकडो पट मोठा. काही जिवाणू आपलं बाहेरचं आवरण मेणचट करून थेट थेंबाच्या पृष्ठभागाला चिकटतात. काही साबणासारखे रेणू बाहेर सोडतात; स्युडोमोनासचे ऱ्हॅम्नोलिपिड हे त्यातले प्रसिद्ध. त्यामुळे तेलाचे बारीक कण होऊन पृष्ठभाग वाढतो. सगळा व्यवहार तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर चालतो, म्हणून मातीत ओल नसेल तर तेल शेजारी असूनही उपयोगाचं नाही.

खरी अवघड पायरी पहिली. डिझेलमधली सरळ साखळी म्हणजे नुसता कर्ब आणि हायड्रोजन. तिला पकडायला कुठे कोपराच नाही. जिवाणूचं ऑक्सिजनेज नावाचं विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू साखळीच्या टोकाला बसवतं. टोकाला अल्कोहोल तयार होतं, मग अल्डिहाइड, मग मेदाम्ल. मेदाम्ल झालं की पुढचा रस्ता पेशीला पाठ आहे: दोन-दोन कर्बांचे तुकडे पाडायचे आणि श्वसनचक्रात घालायचे. शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नवे जिवाणू. बेन्झीन, नॅफ्थलीन अशा कड्यांच्या बाबतीत ऑक्सिजनचे दोन अणू एकदम कड्यावर बसतात, कॅटेकॉल तयार होतो आणि मग कडं फोडलं जातं.

याच कारणाने सगळे घटक सारख्या वेगाने जात नाहीत. सरळ साखळ्या आधी, फांद्या फुटलेल्या नंतर, दोन-तीन कड्यांची संयुगं त्यानंतर. चार कड्यांचं पायरीन रेंगाळतं. पाच कड्यांचं बेन्झो-ए-पायरीन तर जिवाणू स्वतंत्र अन्न म्हणून क्वचितच वापरतात. दुसरं काही खाताना सुटलेल्या विकरांनी ते जाता जाता थोडंफार मोडतं. डांबरात असतात तसे जड घटक जवळपास जसेच्या तसे राहतात.

प्रश्न : माती कोरडी राहू नये म्हणून आम्ही पाणी भरून ठेवलं. आता कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि महिन्याभरात तेल काहीच कमी झालं नाही. काय चुकलं?

उत्तर : पाण्याने हवा कोंडली. एक किलो डिझेल पूर्ण जाळायला, मग ते इंजिनात जळो की जिवाणूच्या पोटात, साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. वरच्या पत्रातल्या २२.५ किलो तेलाला सुमारे ७९ किलो. काही कर्ब जिवाणूंच्या शरीरात जातो, त्यामुळे प्रत्यक्ष गरज थोडी कमी. घनमीटर हवेत अंदाजे २८० ग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे २८० घनमीटर हवेत भागतं. तेवढाच ऑक्सिजन पाण्यातून द्यायचा म्हटला तर? पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. मग लागेल १ कोटी लिटरच्या आसपास पाणी. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन सरकण्याचा वेग हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी कमी.

मातीतला ऑक्सिजन संपला की जिवाणू पुढच्या पर्यायाकडे वळतात: आधी नायट्रेट, मग मॅंगेनीज, लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही तर मिथेन बनवणाऱ्यांचं राज्य सुरू होतं. दर पायरीला मिळणारी ऊर्जा घटते आणि वेगही घटतो. तुम्हाला येणारा वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे तुमची माती सल्फेटच्या पायरीवर आहे. डिझेल त्या पायरीवरही मोडतं, पण फार सावकाश.

पाणी काढून टाका, चर खणून निचरा करा. माती वाफशावर आली की पलटा. खड्ड्यात किंवा कोंडलेल्या जागेत त्या वासात वाकून काम करू नका. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आणि प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच थांबतं. ओलीचं लक्ष्य जलधारण क्षमतेच्या ५० ते ८० टक्के. याच्या खाली जिवाणू सुस्तावतात, वर गेलं की गुदमरतात.

आणखी एक बारीक गोष्ट. युरिया जास्त झाला तर अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू जोरात येतात आणि दर ग्रॅम नत्रामागे साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन पितात. म्हणजे खत जास्त घालून तुम्ही तेलाच्या वाट्याची हवा दुसऱ्याला दिली.

प्रश्न : तेल कमी झाल्याचा अहवाल आला. पण ते जिवाणूंनी खाल्लं की नुसतं उडून गेलं, हे कसं ओळखायचं?

उत्तर : पत्रांमधला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. पेट्रोलचा बराच भाग माती पलटताना हवेत जातो. तो ‘साफ’ झाला असं म्हणणं म्हणजे मातीतला बेन्झीन शेजाऱ्याच्या नाकात घातल्यासारखं आहे. डिझेल कमी उडतं, तरी त्याचा हलका भाग उडतोच. पावसाने वाहून गेलं, खणताना खालच्या स्वच्छ मातीत मिसळून पातळ झालं, किंवा नमुनाच चुकीचा घेतला, तरी आकडा उतरतो.

घरच्या घरी सुरुवात करायची तर झाकणाच्या तीन मोठ्या काचेच्या बरण्या घ्या. पहिलीत शेजारची स्वच्छ माती, दुसरीत तेलाची माती, तिसरीत तेलाची माती अधिक खत. प्रत्येकी अर्धा किलो, ओल सारखी. खताची मात्रा किलोला ०.२ ग्रॅम युरिया आणि ०.६ ग्रॅम सुपर फॉस्फेट. प्रत्येक बरणीत मातीवर एक छोटी उघडी बाटली ठेवा, तिच्यात चुन्याची ताजी निवळी. झाकण घट्ट लावा. जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड निवळीत विरघळला की वर पांढरी साय धरते आणि मग निवळी दुधाळ होते. कोणत्या बरणीतली निवळी आधी दुधाळ होते ते पाहा. रोज एकदा झाकण उघडून वारा घाला आणि निवळी बदला, नाहीतर ऑक्सिजन संपून प्रयोग बंद पडेल. दुसरी बरणी पहिलीइतकीच मंद आणि तिसरी झपाट्याने पुढे गेली, तर अडचण खताची होती. तिन्ही सारख्याच मंद असतील तर माती विषारी, फार आम्लधर्मी किंवा थंड आहे का ते पाहा. चुनखडीच्या मातीत मात्र हा प्रयोग फसवा; आम्ल तयार होऊन चुनखडीतूनच वायू सुटू शकतो.

पक्क्या पुराव्यासाठी प्रयोगशाळा हवी. तिथे मातीचा एक नमुना निर्जंतुक करून ठेवतात: १२१ अंशांना तासभर, आणि बीजाणू मरावेत म्हणून तीन दिवस लागोपाठ. (स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये तेलाची माती उकळू नका.) त्या मेलेल्या मातीत जेवढी घट झाली ती उडण्याची, आणि जिवंत मातीतली जास्तीची घट जिवाणूंची. दुसरा मार्ग गुणोत्तराचा. डिझेलमधलं १७ कर्बांचं सरळ हेप्टाडेकेन आणि फांद्यांचं प्रिस्टेन साधारण सारखंच उडतं, पण जिवाणू पहिलं आधी खातात. दोघांचं गुणोत्तर घसरलं तर जिवाणू कामाला लागले आहेत. गुणोत्तर जागच्या जागी आणि आकडा मात्र उतरला, तर तेल कुठेतरी गेलंय. कच्च्या तेलासाठी होपेन हा त्याहून टिकाऊ मापदंड वापरतात; डिझेलमध्ये तो जवळपास नसतो, म्हणून तिथे चालत नाही.

नमुना घेताना जागेचे तीन भाग करा. प्रत्येक भागात पाच ठिकाणची माती एकत्र करा, आणि ० ते १५ व १५ ते ३० सेंटिमीटर हे थर वेगळे ठेवा. काचेची बरणी तोंडापर्यंत भरून ४ अंशांना ठेवा आणि दोन आठवड्यांच्या आत प्रयोगशाळेत अर्क काढला जाईल असं पाहा. हाताला लागलेली एक मूठ पाठवली तर पुढच्या खेपेला आकडा दुप्पटही येऊ शकतो आणि निम्माही. शेणखत किंवा कंपोस्ट घातलं असेल तर अर्क सिलिका जेलमधून गाळून मोजायला सांगा. नाहीतर खतातले मेणचट पदार्थ ‘तेल’ म्हणून मोजले जातात.

प्रश्न : पहिल्या तीन महिन्यांत तेल निम्म्यावर आलं आणि मग अडकलं. आता खत वाढवावं का?

उत्तर : आधी मोजा, मग वाढवा. उपलब्ध नत्र संपलेलं असेल तर एक हप्ता द्यायला हरकत नाही. पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. सोपे घटक संपलेले असतात आणि उरलेला माल एकतर कठीण असतो किंवा जिवाणूंच्या आवाक्याबाहेर. माती आणि सेंद्रिय कणांमधल्या कित्येक पोकळ्या जिवाणूपेक्षा लहान असतात. वर्षानुवर्षं मुरलेलं तेल तिथे जाऊन बसतं, आणि बाहेर पाझरेल त्याच वेगाने खाल्लं जातं. तिथे खताने काही होत नाही.

साबण किंवा भांड्यांचं द्रावण ओतून तेल सोडवण्याचा सल्ला काही जण देतात. बेतानेच. तीव्रता थोडी जास्त झाली तर पेशींची आवरणं फुटतात, मातीची घडण बसते, आणि सुटलेलं तेल जिवाणूंच्या आधी भूजलात पोचतं. शिवाय साबण पचायला सोपा असेल तर जिवाणू आधी साबणच संपवतात.

पक्व कंपोस्ट आकारमानाने १० टक्के मिसळून सहा महिने थांबणं हा त्याहून शहाणा मार्ग. आणि उरलेलं तेल अजून त्रास देतंय का तेही पाहा. मुळ्याच्या किंवा लेट्यूसच्या २० बिया या मातीत आणि २० स्वच्छ मातीत पेरा. उगवण आणि मुळांची लांबी पाच दिवसांनी तुलना करा. गांडुळं दोन आठवडे तग धरतात का पाहा. जे जिवाणूला मिळत नाही ते बऱ्याचदा मुळाला आणि गांडुळालाही मिळत नाही. उलटही होतं: मधल्या टप्प्यात अर्धवट मोडलेली, पाण्यात जास्त विरघळणारी संयुगं साचतात आणि तेलाचा आकडा उतरत असताना बिया मात्र आधीपेक्षा वाईट उगवतात. अशा वेळी हवा चालू ठेवून आणखी थांबायचं.

प्रश्न : डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जिवाणू बनवला होता. तो का वापरत नाहीत?

उत्तर : चक्रवर्तींनी तेलातले वेगवेगळे घटक पचवणारी चार प्लाझ्मिडं (जनुकं वाहणारी डीएनएची सुटी कडी) एकाच स्युडोमोनासमध्ये आणली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी त्या जिवाणूवर पेटंट देता येतं असा निर्णय दिला. इतिहास घडला तो कायद्यात. उघड्यावरच्या तेलगळतीत तो जिवाणू कधी सोडला गेला नाही. इतकी प्लाझ्मिडं वागवणारी पेशी मातीतल्या झटापटीत मागे पडते, आणि जनुकं बदललेले जीव मोकळे सोडण्यावर कडक नियम आहेत. १९९६ साली अमेरिकेतल्या ओक रिज इथे स्युडोमोनास फ्लुओरेसेन्सचा एचके४४ हा बदललेला वाण परवानगीने मातीत सोडला गेला. पण त्याचं मुख्य काम नॅफ्थलीन भेटलं की चमकून दाखवण्याचं होतं, आणि तोही बंदिस्त मातीच्या टाक्यांत.

मार्च १९८९ मध्ये अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये ‘एक्सॉन वाल्डीझ’ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. तिथल्या किनाऱ्यावर जे कामी आलं ते खत: तेलाला चिकटणारं एक द्रव खत आणि सावकाश विरघळणारे दाणे. गोट्यांच्या फटींतल्या पाण्यात नत्र जितकं पोचलं तितका वेग वाढला. जिवाणू तिथलेच होते.

प्रश्न : द्रावकांनी (ट्रायक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगचं परक्लोरोइथिलीन) बिघडलेल्या जागेवरही हवा खेळवली की भागेल ना?

उत्तर : नाही, इथे सगळं उलट आहे. परक्लोरोइथिलीनच्या दोन कर्बांवर चार क्लोरीन असतात. ऑक्सिजनला शिरकाव करायला जागाच उरत नाही, त्यामुळे हवेत ते जिवाणूंकडून मोडत नाही. ऑक्सिजन पूर्ण नसेल तेव्हा काही जिवाणू त्या क्लोरीनवरच ‘श्वास घेतात’: एकेक क्लोरीन काढून तिथे हायड्रोजन बसवतात. परक्लोरोचं ट्रायक्लोरो, त्याचं डायक्लोरो, मग व्हिनाइल क्लोराइड, आणि शेवटी निरुपद्रवी इथिलीन.

गोम मधल्या पायऱ्यांत आहे. पहिल्या दोन पायऱ्या बरेच जिवाणू करतात. पुढे इथिलीनपर्यंत नेणारे ओळखीचे जिवाणू म्हणजे डिहॅलोकॉकॉइडीस आणि त्यांचे अगदी जवळचे नातेवाईक. ते नसले, किंवा असूनही त्यांच्यात व्हिनाइल क्लोराइड मोडणारं जनुक नसलं, तर काम डायक्लोरोवर किंवा व्हिनाइल क्लोराइडवर अडकतं. व्हिनाइल क्लोराइड वायुरूप आहे आणि माणसात कर्करोग करतं हे सिद्ध आहे. म्हणजे अर्धवट सफाईने जागा आधीपेक्षा वाईट होते. पावडरीबद्दल वर जे लिहिलं त्याला हा मोठा अपवाद: इथे बाहेरून योग्य कल्चर आणून सोडणं खरोखर उपयोगी ठरतं.

त्यांना खाद्य म्हणून हायड्रोजन लागतो. तो थेट देत नाहीत. लॅक्टेट, मळी किंवा पाण्यात घुसळलेलं वनस्पती तेल जमिनीखाली सोडतात, ते आंबून हायड्रोजन सुटतो. मळी जास्त झाली की आम्ल वाढतं, सामू ६ च्या खाली गेला की डिहॅलोकॉकॉइडीस थांबतात, आणि हायड्रोजन मिथेनवाले पळवतात. म्हणून तिथे दर फेरीला सामू, मिथेन, इथिलीन आणि जनुकांची संख्या मोजतात. भूजलाच्या लिटरमागे १ कोटीच्या आसपास या जिवाणूंची जनुकं मिळाली तर वेग समाधानकारक मानतात. कल्चरच्या बाटलीला हवा लागली की जिवाणू मेले, त्यामुळे ते नायट्रोजनच्या दाबाखाली बंद नळीतून सोडावं लागतं. हे काम हौशी माणसाने करू नये, इतकं स्पष्ट सांगतो.

प्रश्न : कीटकनाशकं आणि तणनाशकं मातीत किती टिकतात? खत घातलं तर तीही लवकर जातील का?

उत्तर : संयुगागणिक उत्तर बदलतं. ॲट्राझीन हे तणनाशक चांगलं उदाहरण. त्याच्या कड्यात नत्र आहे आणि स्युडोमोनास एडीपीसारखे जिवाणू ते नत्रासाठीच फोडतात. युरिया टाकलात तर त्यांना सोपं नत्र आयतं मिळतं आणि ॲट्राझीन पडून राहतं. म्हणजे डिझेलला जे तारक तेच इथे मारक ठरू शकतं.

पॅराथिऑनसारख्या सेंद्रिय फॉस्फेटांचा बंध एका विकराने पाण्याच्या साहाय्याने तुटतो, ऑक्सिजनही लागत नाही. मात्र त्यातून निघणारा नायट्रोफिनॉल वेगळा मोडावा लागतो. कार्बोफ्युरान एकाच शेतात वर्षानुवर्षं वापरलं तर ते पचवणारे जिवाणू इतके वाढतात की औषध किडीपर्यंत पोचण्याआधीच संपतं. ‘औषध बोगस निघालं’ या तक्रारीमागे कधीकधी हे असतं. उपाय मात्रा वाढवण्याचा नाही, रसायन बदलण्याचा.

डीडीटी हवेशीर मातीत डीडीई होऊन बसतं आणि डीडीई दशकं टिकतं. हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेनचं गॅमा रूप, म्हणजे लिंडेन, जिवाणू बऱ्यापैकी मोडतात. बीटा रूप मात्र त्यातल्या क्लोरीनच्या मांडणीमुळे सगळ्यात हट्टी.

प्रश्न : जुन्या ऑइलमधलं शिसं आणि जस्तही जिवाणू खाऊन टाकतील का? साफ झालेल्या जागेवर भाजी लावावी का?

उत्तर : धातू हे मूलद्रव्य, ते मोडून कशाचंच होत नाही. जिवाणू फार तर त्याचं रूप पालटतात, उदाहरणार्थ विषारी, पाण्यात फिरणाऱ्या सहा संयुजेच्या क्रोमियमचं कमी फिरणारं तीन संयुजेचं क्रोमियम. वापरलेल्या ऑइलमध्ये जस्त असतंच, जुन्या काळच्या ऑइलमध्ये शिसंही. धातू फार असतील तर ते जिवाणूंनाही मारक ठरतात. एकूण प्रमाण किलोला २,५०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर या पद्धतीच्या फंदात पडू नये असा ढोबळ नियम आहे. तेलाचं प्रमाण किलोला ५०,००० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तेच. तशी माती आधी स्वच्छ मातीत मिसळून पातळ तरी करावी लागते किंवा उचलून न्यावी लागते.

भाजीसाठी तेलाचा अहवाल पुरेसा नाही. शिसं, कॅडमियम आणि बहुकडी संयुगं यांची वेगळी तपासणी करा. तोवर त्या जागेवर गवत लावा. त्याची दाट मुळं मातीत हवा नेतात आणि मुळांभोवती जिवाणूंची गर्दी वाढते. ते गवत जनावरांना घालू नका.